ऑक्टाव्हियाला मोठा टर्बो? आधी गिअरबॉक्सला विचारा

प्रश्न : माझी २०१६ ची स्कोडा ऑक्टाव्हिया १.८ टीएसआय आहे, डीएसजी (ऑटोमॅटिक) गिअरबॉक्सवाली. ७८ हजार किलोमीटर झालेत. दोन वर्षांपूर्वी स्टेज वन रिमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं) करून घेतला आणि एअर फिल्टर बदलला, बाकी गाडी कंपनीतून आली तशीच आहे. रोजचं येणंजाणं नाशिकमध्येच, महिन्यातून दोन-तीनदा कसारा घाटातून मुंबई. खालच्या आरपीएमला गाडी मस्त ओढते, पण पाच हजारांच्या वर जीव सोडते. म्हणून टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) बदलायचं मनात आहे. तीन पर्याय समोर आहेत : व्हीआरएसमधून (ऑक्टाव्हियाचंच जोरदार मॉडेल) काढलेला वापरलेला आयएस२०, त्याहून मोठा नवा कोरा आयएस३८, किंवा आहे त्याच टर्बोत मोठा पंखा बसवून केलेला 'हायब्रिड'. गॅरेजवाले म्हणतात, आयएस३८च घ्या, तीनशे हॉर्सपॉवरच्या वर जाल, परत परत खर्च नको. मेहुणे म्हणतात, एवढ्या पैशात सरळ व्हीआरएस घे. कुणाचं ऐकू?
एक वाचक, नाशिक

उत्तर : गॅरेजवाल्यांचं तर मुळीच ऐकू नका. मेहुण्यांकडे शेवटी येतो.

तुमचं निदान बरोबर आहे. तुमच्या गाडीत आयएस१२ नावाचा छोटा टर्बो आहे. कंपनीच्या आकड्यांत २५० न्यूटन मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) १२५० आरपीएमलाच हजर होतो आणि ५००० पर्यंत टिकतो. ताकद १८० पीएस (हॉर्सपॉवर), ५१०० ते ६२०० च्या दरम्यान. आता जरा गणित करा. ६२०० ला १८० पीएस म्हणजे टॉर्क उरला साधारण २०४ न्यूटन मीटर. म्हणजे वर गेल्यावर टॉर्क घसरणं हे या टर्बोच्या जन्मापासूनचं आहे. तो लवकर जागा होतो आणि लवकर दमतो. शहरात चालणाऱ्या सेडानसाठी कंपनीने तो मुद्दाम तसा निवडलाय. स्टेज वनने खालचा आणि मधला भाग फुगवला, वरचा फारसा बदलला नाही. त्यामुळे घसरण आता तुम्हाला आधीपेक्षा जास्त जाणवते, इतकंच.

मोठा टर्बो लावला की हे सुटतं. पण तुमच्या गाडीत टर्बोच्या आधी एक साहेब बसलेत, त्यांची सही लागते. तो म्हणजे डीक्यू२०० गिअरबॉक्स. सात गिअरचा, ड्राय क्लचचा (क्लच ऑइलमध्ये न बुडालेला) डीएसजी. त्याची रचनेतली मर्यादा २५० न्यूटन मीटर. कंपनीने इंजिनाचा टॉर्क नेमका तिथेच आणून ठेवलाय, हा योगायोग नाही. तुमचा स्टेज वन आजच त्या मर्यादेच्या वर आहे. किती वर, ते रिमॅपनंतरचा डायनोचा (ताकद मोजणाऱ्या यंत्राचा) कागद काढून बघा. या गाडीचे स्टेज वन सहसा ३०० ओलांडतात. गाडी सुरळीत चालतेय, कारण तुम्ही रोज सिग्नलवर लाँच मारत नाही. पण २५० च्या वरचा प्रत्येक न्यूटन मीटर हा गिअरबॉक्सकडून घेतलेला उधार माल आहे, आणि या गिअरबॉक्सचा मेकॅट्रॉनिक (गिअर आणि क्लच चालवणारं युनिट) बिघडला की बिल काय येतं हे कुठल्याही डीएसजीवाल्याला विचारा.

आता गंमत बघा. ताकद म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम. टॉर्क ३०० वर बांधून ठेवला आणि तो ६००० पर्यंत तसाच टिकवला, तर होतात साधारण २५५ पीएस. कंपनीच्या सेटिंगमध्ये ६००० ला जेमतेम २१० न्यूटन मीटर उरतात. म्हणजे गिअरबॉक्सवर आज आहे त्याहून जास्त ताण न टाकता, उलट मधल्या पट्ट्यात थोडा कमीच टाकून, गाडी वरच्या टप्प्यात पार बदलते. तुमची तक्रारही नेमकी तिथलीच आहे. मोठा टर्बो घ्यायचा तो याच कारणासाठी, आणि ट्यूनरला पहिलं वाक्य हेच सांगायचं : 'मला आकडा नको, ३०० ची सपाट रेषा हवी.' जो ट्यूनर यावर नाक मुरडतो आणि 'सर, साडेतीनशे-चारशे सहज निघतील' म्हणतो, त्याला चहा पाजून निरोप द्या.

आता कुठला टर्बो, ते हवेच्या हिशेबावर ठरवू. पेट्रोल इंजिनाला ढोबळमानाने मिनिटाला एक किलो हवा दिली की बावीसेक हॉर्सपॉवर मिळतात. १८० ला आठ किलोच्या आसपास, २५५ ला साडेअकरा, ३०० ला साडेतेरा-चौदा. प्रत्येक टर्बोचा एक कंप्रेसर मॅप असतो. खाली हवेचा प्रवाह, उभ्या बाजूला आत किती पट दाब झाला ते. डावीकडे सर्जची रेघ, जिच्या पलीकडे हवा मागे उसळते. उजवीकडे चोक, जिथे पंखा कितीही फिरवा, हवा वाढत नाही. मधे कार्यक्षमतेची बेटं. तुमचं रोजचं आणि जोरातलं चालवणं या बेटांवर पडलं पाहिजे. बेट सुटलं की टर्बो हवेपेक्षा उष्णता जास्त बनवतो.

किती जास्त? नाशिकची उन्हाळ्यातली ४० अंशांची दुपार धरा आणि दाब २.३ पट. पंखा ७२ टक्के कार्यक्षमतेवर असेल तर बाहेर पडणारी हवा १५७ अंशांच्या आसपास. तोच दमून ६० टक्क्यांवर आला तर १८० च्या वर. मधले पंचवीसेक अंश तुमच्या इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली हवा थंड करणाऱ्या रेडिएटरच्या) गळ्यात. इंटरकूलर भरला की इनलेटची हवा तापते, नॉक (पेट्रोल अवेळी पेटणं) पकडणारा सेन्सर ओरडतो, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) इग्निशन मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा टाकतो, आणि तुम्ही म्हणता पाच हजारांवर गाडी जीव सोडते.

यात उंचीही धरा, ती बहुतेक जण विसरतात. ईसीयू दाब मोजतो तो निरपेक्ष, म्हणजे बाहेरच्या हवेचा धरून एकूण. समजा २.२ बार ठरलाय. मुंबईत बाहेरचा दाब एक बारच्या जवळ, म्हणजे टर्बोला २.२ पट दाबायचंय. नाशिक-इगतपुरी सहाशे मीटरच्या आसपास, तिथे बाहेरच ०.९४, म्हणजे तेवढ्याच बूस्टसाठी (टर्बोने वाढवलेल्या दाबासाठी) साधारण २.३५ पट. महाबळेश्वरला गेलात तर २.५५ च्या पुढे. छोट्या टर्बोला वरच्या आरपीएमला हे झेपत नाही, तो वेगाच्या मर्यादेपलीकडे फिरतो. मुंबईच्या डायनोवर बेतलेला इंजिनाचा मॅप (रिमॅपचं सॉफ्टवेअर) घेऊन कसारा चढताना गाडी मवाळ वाटली, तर दोष घाटाचा नाही. ट्यूनरला सांगा की गाडी नाशिकची आहे.

आता तुमचे तीन पर्याय.

आयएस३८ मूळचा युरोपातल्या गोल्फ आर आणि ऑडी एस३ चा. तिथे तो ३०० पीएस देतो, तोही दोन लिटरच्या इंजिनावर. तुमचं इंजिन त्याच ईए८८८ घराण्यातलं, ८२.५ मिलिमीटरचा बोअर (सिलिंडरचा व्यास) सारखा, पण स्ट्रोक (पिस्टनची धाव) ८४.१, दोन लिटरवाल्याचा ९२.८. म्हणजे प्रत्येक फेऱ्याला टर्बाइनकडे (टर्बोच्या एक्झॉस्टने फिरणाऱ्या चाकाकडे) दहाएक टक्के कमी एक्झॉस्ट जातो. जो टर्बो दोन लिटरवर उशिरा उठतो, तो तुमच्याकडे आणखी उशिरा उठणार. पूर्ण बूस्ट तीन हजारांच्या पुढे. आणि तुमचा डीएसजी डी मोडमध्ये काय करतो? दोन हजारांच्या आतच वरचा गिअर टाकतो. म्हणजे त्र्यंबक रोडला रोज सकाळी तुम्ही अशा इंजिनावर बसलेले असाल ज्याचा टर्बो अजून अंथरुणातच आहे. ॲक्सिलरेटर दाबला की गिअरबॉक्स दोन गिअर खाली येणार, मग बूस्ट धाडकन येणार आणि सगळा टॉर्क एका क्षणात ड्राय क्लचवर. गॅरेजवाले म्हणतात तसा 'परत खर्च नको' हा विचार इथेच उलटतो. आयएस३८ च्या हवेला पुरेल इतकं पेट्रोल देणारा पंप, वेगळा गिअरबॉक्स, ब्रेक, सगळं मागोमाग येतं. ३०० ची सपाट रेषा हवी असेल तर आयएस३८ ची अर्धी क्षमता तशीही कपाटात पडून राहणार.

हायब्रिडचं आकर्षण मला समजतं, बाहेरून काही बदललेलं दिसत नाही. पण मोठा पंखा बसवला तरी टर्बाइन तोच छोटा. वरच्या आरपीएमला खरा अडथळा बऱ्याचदा एक्झॉस्टच्या बाजूला असतो. तिथे दाब तुंबला की जळलेली हवा सिलिंडरमध्येच घुटमळते आणि नॉक लवकर येतो. शिवाय हे काम किती चांगलं झालं ते बॅलन्सिंगवर अवलंबून. शाफ्ट लाखाहून जास्त आरपीएमने फिरतो. पूर्ण वेगाला बॅलन्स केल्याचा छापील आलेख दुकानदार दाखवू शकला नाही तर तो टर्बो घरी आणू नका. आलेख दाखवला तरी माझं मन तिकडे फारसं वळत नाही.

राहिला आयएस२०. भारतात २०१७ ला आलेल्या २३० पीएसच्या व्हीआरएसमध्ये हाच होता. तिथे ३५० न्यूटन मीटर १५०० ते ४६०० आरपीएमला. तुमच्या छोट्या स्ट्रोकमुळे तो काहीसा उशिरा उठेल, तरी डी मोडच्या दोन हजारांना हाताशी असेल. साडेअकरा किलो हवा तो आरामात देतो. या इंजिनात एक्झॉस्ट मॅनिफोल्ड सिलिंडर हेडमध्येच ओतलेला आहे आणि टर्बो थेट हेडला बसतो, त्यामुळे बाहेरचा कुठलाही टर्बो आणून चिकटवता येत नाही. घराण्यातलाच घ्यावा लागतो. आयएस२० त्याच बैठकीचा. डाउनपाइपचं (टर्बोमागच्या एक्झॉस्ट पाइपचं) तोंड, ऑइलची आणि कूलंटची नळी मात्र आपापल्या पार्ट नंबरनुसार आधी ताडून घ्या, गाडी लिफ्टवर उघडी पडल्यावर नव्हे.

वापरलेला घेताय म्हणून तो कसा बघायचा ते सांगतो. दुकानदार पुसून चकचकीत करून देईल, तिकडे लक्ष देऊ नका. कंप्रेसरच्या तोंडातून मोबाइलचा टॉर्च मारा आणि प्रत्येक पातं कडेपासून बघा. कडेला बारीक टवके असतील तर फिल्टर नसताना धूळ-खडी खाल्लेली आहे. मग पंख्याच्या मधला नट चिमटीत धरून पुढे-मागे ओढा. तिथे बोटाला जाणवेल इतका खेळ नको. बाजूला हलवून बघितलं तर किंचित हलतो, ते चालतं, कारण ऑइलचा थर नसताना बेअरिंग तेवढी सैल असतात. पण पूर्ण बाजूला ढकलून फिरवल्यावर पातं घराला घासलं, खर्र असा आवाज आला, की विषय संपला. टर्बाइनच्या बाजूला ओलसर काळं ऑइल असेल तर सीलकडे संशयाने बघा. वेस्टगेटची (जादा एक्झॉस्ट टर्बाइनला वळसा घालून सोडणारी) झडप हाताने हलवा, पिनला ढिलाई असेल तर तो थंड इंजिनावर खडखडेल आणि बूस्टही नीट धरणार नाही. ही झडप हलवणारा ॲक्च्युएटर इलेक्ट्रिक आहे. तो बसवल्यावर झडप पूर्ण बंद असतानाचं व्होल्टेज जुळवून स्कॅनरवर अडॅप्टेशन करावं लागतं. 'बोल्ट टाकला, झालं' म्हणणाऱ्याला हे माहीत नसेल तर बूस्ट कधी जास्त कधी कमी होत राहील आणि तुम्ही मॅपला दोष देत बसाल. इतिहास माहीत नसलेल्या वापरलेल्या टर्बोपेक्षा नवा आयएस२० मिळत असेल तर फरकाचे पैसे टाका.

टर्बोइतकाच पैसा त्याच्या भोवती जाणार हे आधीच धरा. पहिला नंबर इंटरकूलरचा, तो नसेल तर वरचं सगळं गणित फुकट. खरं तर आजच्या आयएस१२ वरही आधी इंटरकूलर लावून बघा, तुमच्या तक्रारीतला बराच भाग कदाचित तिथेच मिटेल. नवे स्पार्क प्लग एक पायरी थंड आणि गॅप जरा कमी. कॉइल ७८ हजार किलोमीटर चाललेल्या जुन्याच असतील तर त्याही. टर्बो बदलताना ऑइलची फीड नळी नवीनच टाका, जुनीत जळलेल्या ऑइलचा काजळीसारखा थर असतो आणि नवा टर्बो पहिल्याच आठवड्यात त्यानेच मरू शकतो. ऑइल ५डब्ल्यू-४०, फोक्सवॅगनच्या ५०२ मान्यतेचं, दर साडेसात हजार किलोमीटरला. कंपनीचे पंधरा हजार विसरा.

पेट्रोलचं ठरवा. बीएस६ च्या निकषांत साध्या पेट्रोलचा किमान ऑक्टेन (नॉक टाळण्याची क्षमता) ९१ होता. या सेटअपला तुम्ही ९५ किंवा वरचं धरून मॅप बनवणार असाल, तर ते टाकीत कायम पाहिजे, फक्त डायनोच्या दिवशी नाही. एक्सपी९५ नाशिकला मिळतं, पण हायवेवर टाकी संपली की हाताला लागेल ते भरावं लागतं, म्हणून साध्या पेट्रोलचा दुसरा सौम्य मॅप मागून घ्या. शिवाय आता पंपावर ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आहे. तेवढ्याच हवेला त्यात इंधन जास्त लागतं, म्हणजे हाय प्रेशर पंपावर आधीच थोडा भार वाढलेला. डायनोवर रेल प्रेशरचा (इंजेक्टरला जाणाऱ्या पेट्रोलच्या दाबाचा) लॉग हटकून मागा. ईसीयूने मागितलेला दाब आणि प्रत्यक्षातला दाब वरच्या आरपीएमला वेगळे व्हायला लागले की ताकद तिथेच थांबवायची, घासाघीस नाही. त्याच लॉगमध्ये चारही सिलिंडरचं इग्निशन किती मागे घेतलं जातंय आणि इनलेटचं तापमान एकामागून एक तीन रनमध्ये किती चढतंय तेही बघा. एकाच रनचा सुंदर आलेख भिंतीवर लावायला ठीक आहे. तिसऱ्या रनचा बघून सही करा.

आणि गिअरबॉक्सचा ट्यून विसरू नका. डीएसजीच्या टीसीयूमध्येही (गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरमध्येही) टॉर्कची मर्यादा लिहिलेली असते, आणि डी मोडचे शिफ्ट पॉइंट तिथेच बदलता येतात. ३०० ची मर्यादा दोन्हीकडे लिहून घ्या. त्यातही खाली, अडीच हजारांच्या आत, टॉर्क २५० च्या जवळपासच ठेवायला सांगा. कमी आरपीएमला जास्त बूस्ट दिला की पिस्टन-रॉडवर वाईट घाव बसतात आणि क्लचही तिथेच झिजतो. टर्बोला हात लावायच्या आधी क्लच पॅकची झीज आणि मेकॅट्रॉनिकचे फॉल्ट कोड स्कॅनरवर तपासून घ्या. तिथे काही संशयास्पद दिसलं तर टर्बोचे पैसे बँकेतच राहू द्या.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. विमा कंपनीला न सांगितलेला बदल क्लेमच्या वेळी तुमच्यावर उलटतो. हे माहीत असून करायचं तर करा, पण कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) मात्र काढू नका. ज्या गॅरेजमध्ये 'डीकॅट' फुकट देतो म्हणतात, तिथे बाकीचं कामही त्याच हाताने होतं.

आता मेहुणे. आयएस२०, इंटरकूलर, दोन्ही ट्यून, मजुरी आणि गिअरबॉक्ससाठी बाजूला ठेवायची रक्कम असं सगळं कागदावर लिहा. तुमची ऑक्टाव्हिया विकून २०१७ ची व्हीआरएस घ्यायला वर किती घालावे लागतील, तेही शेजारी लिहा. व्हीआरएसला हाच टर्बो, दोन लिटरचं इंजिन, वेट क्लचचा सहा गिअरचा डीक्यू२५०, मोठे ब्रेक, आणि हे सगळं आरसीवर, विम्यात, कंपनीच्या नावाने. दोन आकड्यांतला फरक तुम्हाला झेपण्यासारखा असेल तर मेहुण्यांचं ऐका. मिळणं सोपं नाही, मोजक्याच आल्या होत्या, आणि बाजारात दिसतात त्यांतल्या बऱ्याच आधीच कुणीतरी ट्यून करून झोडपलेल्या असतात. बघायला जाताना स्कॅनरवाला सोबत न्या आणि ईसीयू कंपनीच्या सॉफ्टवेअरवर परत आणलेला आहे का, ते आधी विचारा.

फरक झेपत नसेल, किंवा आहे ती गाडी सोडवत नसेल, तर या महिन्यात फक्त इंटरकूलर आणि प्लग. मग कसाऱ्याच्या दोन फेऱ्या मारा. तरीही पाच हजारांवर तसंच वाटलं, तर आयएस२० चा पार्ट नंबर पाठवा, बघून सांगतो.